भंगाराचे शिल्प आणि भंगार फोडणारे हात

जून २०२१ मध्ये इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉल परगण्यातील कार्बिस बे येथे, जगातील सात धनिक राष्ट्रांच्या प्रमुखांची परिषद भरली होती. परिषदेच्या जागेसमोर, खाडीच्या पलीकडील वाळूवर, त्याच दिवसांत सात प्रचंड चेहरे उभे करण्यात आले. अमेरिकेतील रशमोर पर्वतात तेथील चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे खडकात कोरलेले आहेत. त्याच धर्तीवर बायडेन, जॉन्सन, मर्केल, माक्राँ, ट्रुडो, द्रागी आणि सुगा यांची ही मुखे घडविलेली होती. फरक एवढाच की, येथे खडकाऐवजी टाकून दिलेले संगणक, मोबाइल, कळफलक आणि तारा वापरल्या होत्या. शिल्पकाराचे नाव जो रश. खर्च केला होता लोकांकडून जुनी उपकरणे विकत घेऊन पुन्हा विकणाऱ्या म्युझिकमॅगपाय या ब्रिटिश कंपनीने. वृत्तपत्रांनी छायाचित्रे छापली, पुढाऱ्यांनी परिषदेत वसुंधरेच्या रक्षणाची आश्वासने दिली, आणि परिषद संपली.

ही कल्पना नवी नव्हती. विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या कचऱ्याविषयी युरोपीय संघाने २००३ साली एक निर्देश जारी केला. त्याची जाणीव लोकांना व्हावी म्हणून रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्स ही जुनी संस्था आणि कॅनन ही कॅमेरे व छायाप्रतियंत्रे बनविणारी कंपनी यांनी मिळून २००५ साली लंडनमध्ये टेम्सच्या काठी एक राक्षस उभा केला. पॉल बोनोमिनी यांनी रचलेल्या या पुतळ्याचे दात संगणकाच्या माउसचे होते आणि कान दूरचित्रवाणीच्या तबकड्यांचे. उंची सात मीटर आणि वजन ३.३ टन. हे वजन काही शिल्पकाराच्या लहरीने ठरलेले नव्हते. एक सरासरी ब्रिटिश नागरिक आपल्या आयुष्यात जेवढी विजेची उपकरणे फेकून देतो, तेवढे ते वजन होते. ‘वी मॅन’ या नावाने ओळखला जाणारा हा पुतळा पुढे कॉर्नवॉलमधीलच ईडन प्रकल्पात हलविण्यात आला.

अशा शिल्पांची हौशी लोकांचे खेळ म्हणून थट्टा करणे सोपे आहे. पण ते न्याय्य होणार नाही. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांनी मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला, आणि त्यातील अवघा २२.३ टक्के कचरा रीतसर गोळा होऊन त्यावर प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. एवढा मोठा आकडा वाचणाऱ्याच्या मनात काहीच उमटवीत नाही. सात मीटर उंचीचा, स्वतःच्याच घरातल्या वस्तूंनी बनलेला राक्षस समोर उभा राहिला की मात्र माणूस थबकतो. कचरा ही दारातून बाहेर गेली की नाहीशी होणारी वस्तू आहे, हा मध्यमवर्गाचा सुखद भ्रम आहे. तो भ्रम मोडण्याचे काम ही शिल्पे करतात, आणि तेवढे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

भारतालाही ही कला परकी नाही. चंदीगडमध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक असलेल्या नेक चंद यांनी १९५७ च्या सुमारास सरकारी रानात गुपचूप एक सृष्टी उभारावयास आरंभ केला. नवे शहर वसविण्यासाठी जी खेडी उठविली गेली त्यांच्या पडझडीतले सामान, फुटक्या बांगड्या, चिनी मातीचे तुकडे, विजेच्या फिटिंगचे निकामी भाग, हे त्यांचे साहित्य होते. १९७६ साली ते उद्यान जनतेला खुले झाले आणि जगप्रसिद्ध झाले. शासनाने नेक चंद यांना वेतन आणि हाताखाली पन्नास मजूर दिले. नेक चंद यांचे नाव आज सर्वांना ठाऊक आहे. त्या पन्नास जणांपैकी एकाचेही नाव तेथे जाणाऱ्या प्रेक्षकाला ठाऊक नसते. भंगाराच्या शिल्पाविषयी बोलताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, कारण पुढचा सारा प्रश्न तिच्यातूनच निर्माण होतो.

दोष कोणाच्या माथी?

लंडनचा तो राक्षस बघणाऱ्याला सांगतो की, ‘हे तू फेकलेस.’ वाक्य खोटे नाही, पण अर्धे आहे. उपकरण फेकण्याचा निर्णय ग्राहकाच्या घरात होत असला, तरी ते किती वर्षे चालेल, उघडता येईल की नाही आणि त्याचे सुटे भाग मिळतील की नाही, हे फार आधी कारखान्यात ठरलेले असते. याची परंपरा जुनी आहे. डिसेंबर १९२४ मध्ये ओसराम, फिलिप्स आदी बड्या कंपन्यांनी जिनिव्हा येथे ‘फीबस’ या नावाचा एक संघ स्थापिला आणि विजेच्या दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणून ठेवण्याचा करार केला. दिवा अधिक काळ टिकू लागला तर तो बनविणाऱ्या सभासद कंपनीला दंड होई! जास्त टिकणारा माल बनविणे हा गुन्हा ठरावा, याहून नफ्याच्या तर्कशास्त्राचे उघडे रूप दुसरे कोणते असेल?

शंभर वर्षांनंतर रीत बदलली, हेतू बदललेला नाही. फोनची बॅटरी आत चिकटवून टाकली जाते. ती निकामी झाली की सामान्य माणसाला फोनच निकामी वाटू लागतो. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्सच्या ग्राहकसंरक्षण खात्याने अ‍ॅपल कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड केला. नव्या प्रणालीमुळे जुने फोन मंदावू शकतात, ही गोष्ट ग्राहकांना सांगितली नव्हती, असा ठपका त्या कंपनीवर होता. युरोपात ग्राहकांच्या आणि दुरुस्ती करणाऱ्यांच्या चळवळींनी रेटा लावला तेव्हा कुठे २०२३ मध्ये नियम झाला, आणि वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशी बॅटरी देण्यासाठी कंपन्यांना फेब्रुवारी २०२७ ची मुदत घालण्यात आली. भारत सरकारने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस संकेतस्थळ काढले, परंतु संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे.

म्हणूनच अशा शिल्पांचा खर्च कोण करतो, हा प्रश्न गैरलागू नाही. खर्च करणारी कंपनी उपकरणे विकणारी असेल, तर शिल्पाचे बोट आपोआप ग्राहकाकडे वळते आणि पुतळ्याच्या पायाशी असलेली पाटी ‘कचरा वेगळा करा, परत द्या’ एवढेच सांगते. ‘कमी बनवा, टिकाऊ बनवा, दुरुस्त करू द्या’ असे सांगणारी पाटी तेथे सहसा दिसत नाही. कॉर्नवॉलच्या सात चेहऱ्यांनी निदान बोट राज्यकर्त्यांकडे वळविले, ही त्यांची जमेची बाजू. त्या सातांपैकी एक चेहरा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा होता. घातक कचरा देशादेशांत हलविण्यावर निर्बंध घालणाऱ्या १९८९ च्या बाझल करारावर अमेरिकेने सही केली, पण त्याला मान्यता अद्याप दिलेली नाही.

शिल्पात न दिसणारी माणसे

कारखानदार चित्राबाहेर राहतो तो स्वतःच्या सोयीने. चित्राबाहेर राहणारा दुसरा एक घटक मात्र तेथे लोटला गेलेला आहे. तो म्हणजे हे भंगार प्रत्यक्ष फोडणारा कामगार.

दिल्लीचे सीलमपूर, पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले मुरादाबाद, मुंबईतील कुर्ला आणि धारावी येथल्या गल्ल्यांतून हे काम चालते. संगणक प्रथम स्क्रू काढून उघडला जातो. प्लास्टिक, लोखंड, अ‍ॅल्युमिनियम यांचे वेगवेगळे ढीग पडतात. तारांतील तांबे मिळविण्यासाठी त्यांवरचे आवरण सोलतात. वेळ वाचवावयाचा असेल तर तारा सरळ जाळतात. सर्किटची पाटी तापवून डाख वितळवितात, सुटे भाग उपटून घेतात आणि उरलेली पाटी सोन्याच्या कणांसाठी तेजाबात बुडवितात. या प्रत्येक पायरीवर काहीतरी हवेत आणि मातीत मिसळते. डाखातले शिसे, जुन्या सपाट पडद्यांच्या दिव्यांतला पारा, प्लास्टिकला आग लागू नये म्हणून मिसळलेली रसायने आणि तेजाबाची वाफ ही सारी त्यात येतात. हातमोजे, मुखपट्ट्या आणि धूर ओढणारी यंत्रे या गोष्टी त्या गल्ल्यांत अभावानेच आढळतात. जागतिक आरोग्य संघटनेने त्या सात चेहऱ्यांच्याच महिन्यात, जून २०२१ मध्ये, एक अहवाल प्रसिद्ध केला. कचऱ्याच्या असंघटित व्यवसायात राबणाऱ्या १ कोटी २९ लाखांपर्यंत स्त्रियांना आणि त्यांच्या अपत्यांना इलेक्ट्रॉनिक कचऱ्यातील विषांचा धोका संभवतो, असे त्या अहवालात नमूद होते. दोन्ही घटना एकाच महिन्यातल्या. पण छायाचित्र छापले गेले ते चेहऱ्यांचे.

पुढच्याच महिन्यात, जुलै २०२१ मध्ये, घानाच्या सरकारने राजधानी आक्रा येथील आग्बोग्ब्लोशी या भंगारवाड्यावर यंत्रे फिरविली. तारा जाळणाऱ्या तरुणांच्या छायाचित्रांनी ही जागा साऱ्या जगात कुप्रसिद्ध झाली होती. धूर बदनामीला कारण झाला म्हणून भंगारवाडा पाडला गेला. भंगार थांबले नाही. त्यावर पोट असलेली माणसे शहरात इतरत्र पांगली आणि तेच काम करू लागली. दैन्य दृश्य झाले, पण दैन्य भोगणाऱ्याचे म्हणणे ऐकले गेले नाही, तर काय घडते याचा हा धडा आहे. केवळ ‘दाखविणे’ म्हणजे न्याय नव्हे.

वस्तुतः शिल्पकार आणि भंगार फोडणारा कामगार यांच्यात जेवढे अंतर मानले जाते तेवढे नाही. इलेक्ट्रॉनिक भंगारातून शिल्प घडविणाऱ्यालाही आधी लोखंडाचा सांगाडा उभा करावा लागतो. धातूचे भाग त्याला वेल्डिंगने जोडता येतात. सर्किटची पाटी मात्र काचतंतूंची असल्याने ती रिव्हेटने किंवा तारेने बांधावी लागते, आणि ती कापताना उडणारी धूळ फुप्फुसात जाऊ नये म्हणून काळजी घ्यावी लागते. जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या चित्रनळीत हवा नसते, त्यामुळे ती बेसावधपणे फोडली तर काच उसळते. त्या काचेत शिसेही असते. ही सारी माहिती कुर्ल्याच्या गल्लीतल्या पोराला अनुभवाने असते. कोणता भाग स्क्रूने सुटतो, कोणता तापवावा लागतो, कशात तांबे आहे आणि कशात फक्त मुलामा आहे, हे तो हातात घेताच सांगतो. एकाच्या ज्ञानाला कला म्हणतात, दुसऱ्याच्या ज्ञानाला कोणी ज्ञानही म्हणत नाही. हाताने काम करणाऱ्याला, त्यातही घाण हाताळणाऱ्याला, खालचा मानणाऱ्या समाजव्यवस्थेचा हा वारसा आहे. भारतात कचरा वेचणारे बहुसंख्य लोक दलित आणि वंचित जातींतले असावेत, हा योगायोग नव्हे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, शिल्पाकडून एवढ्या अपेक्षा कशाला? कला म्हणजे काही पक्षाचा ठराव नव्हे. आक्षेप योग्य आहे, आणि कलेला पत्रकाच्या दावणीला बांधण्याचे परिणाम गेल्या शतकाने पाहिलेले आहेत. परंतु कलावंताला काही शिकविण्याची गरज नाही, हे दाखविणारे उदाहरण इथिओपियात आहे. अदिस अबाबाचे एलियास सिमे हे कलावंत तेथील मर्काटो या अफाट बाजारातून जुन्या तारा, मदरबोर्ड, कळफलकाची बटणे मिळवितात. त्या तारा विणून, लाकडी फळ्यांवर ठोकून ते भिंतीएवढी विशाल उठावचित्रे घडवितात. दुरून पाहिले तर नांगरलेली शेते किंवा विमानातून दिसणारे शहर भासते. जवळ गेले की प्रत्येक तार कोणीतरी बोटांनी वळविलेली दिसते. तेथे कोणतीही घोषणा लिहिलेली नाही. तरीही श्रम दिसतात, आणि श्रीमंत जगाने वापरून टाकलेली वस्तू आफ्रिकेच्या बाजारात किती हातांतून फिरते हे सांगावे लागत नाही. कलेने प्रचार करावा असा आग्रह नाही. तिने श्रम झाकू नयेत, एवढीच अपेक्षा आहे.

खाण कोणाच्या मालकीची?

इलेक्ट्रॉनिक भंगार हा शब्दच मुळात फसवा आहे. टोकियो ऑलिंपिकची सुमारे पाच हजार पदके जुन्या उपकरणांतील धातूंपासून बनविण्यात आली. एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या दोन वर्षांत जपानी जनतेकडून ७८,९८५ टन उपकरणे आणि सुमारे ६२ लाख मोबाइल फोन जमा झाले. त्यांतून सुमारे ३२ किलो सोने, ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो कांस्य मिळाले. म्हणजे शहरांच्या पोटात एक खाण आहे, आणि ती दरवर्षी नव्याने भरते. प्रश्न एवढाच की, या खाणीचा मालक कोण आणि खाणकामगार कोण? आज ज्यांनी ती हातांनी उकरली त्यांच्या वाट्याला वजनकाट्यावर ठरणारे चार पैसे आणि छातीत भरणारा धूर येतो.

भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली आहे. विकलेल्या मालाच्या प्रमाणात २०२३-२४ मध्ये ६० टक्के, आणि २०२७-२८ पासून ८० टक्के कचऱ्यावर प्रक्रिया झाल्याची प्रमाणपत्रे त्यांनी मिळवावयाची आहेत. ही प्रमाणपत्रे नोंदणीकृत प्रक्रिया कारखान्यांकडून विकत घेता येतात. ज्या गल्ल्यांतून माल प्रथम फुटतो, त्यांना या व्यवहारात स्थान नाही. नोंदणीच्या वर्गांत केवळ भंगार सुटे करणाऱ्यांचा वेगळा वर्गही आता ठेवलेला नाही. मात्र त्याच नियमांत एक कलम आहे. या कामातल्या कामगारांची नोंदणी करणे, त्यांचे गट स्थापन होण्यास आणि त्या गटांची केंद्रे उभी राहण्यास साहाय्य करणे, त्यांना प्रशिक्षण देणे आणि त्यांच्या आरोग्यावर दरवर्षी देखरेख ठेवणे, ही राज्याच्या कामगार खात्याची कर्तव्ये आहेत असे ते सांगते. औद्योगिक वसाहतींत या कामासाठी जागा राखून ठेवण्याचे कर्तव्य उद्योग खात्याचे आहे. कलम पुस्तकात आहे. ते पुस्तकाबाहेर काढणे हे राजकीय काम आहे, आणि ते आपोआप होत नसते.

हे अशक्य आहे असे पुण्यात तरी कोणी म्हणू नये. बाबा आढाव यांच्या प्रेरणेने १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. उकिरड्यावर वाकलेल्या बायकांना तेव्हा कोणी कामगारही म्हणावयास तयार नव्हते. संघटनेने महापालिकेकडून त्यांना ओळखपत्रे मिळवून दिली. २००८ पासून त्यांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघर जाऊन कचरा गोळा करण्याचे काम महापालिकेशी करार करून करू लागली. ओला-सुका कचरा वेचणाऱ्यांना जे साधले, ते संगणक फोडणाऱ्यांना का साधू नये? त्यांच्या सहकारी संस्थेला जागा, धूर शोषणारी यंत्रे आणि उत्पादकांच्या पैशातला रास्त वाटा मिळाला, तर तेजाबाचे डबे बंद होतील. त्यांना हाकलून लावले, तर ते डबे फक्त दुसऱ्या गल्लीत जातील.

चौकातले शिल्प आणि कार्यकर्त्यांचे काम

स्वच्छतेच्या सरकारी मोहिमांच्या निमित्ताने गेल्या काही वर्षांत देशातील अनेक नगरपालिकांनी आणि महापालिकांनी चौकांत, उद्यानांत भंगाराची शिल्पे उभारली आहेत. आणखीही उभी राहतील. त्यांना विरोध करण्याचे कारण नाही. शहराच्या चौकात पुतळा फक्त सत्ताधीशांचा आणि सेनापतींचाच असावा, असे थोडेच आहे? परंतु असा ठराव सभागृहात येईल तेव्हा नगरसेवकांनी आणि बाहेर कार्यकर्त्यांनी काही साधे प्रश्न विचारावेत. हे भंगार कोणाकडून घेतले, आणि त्याला कोणता दर दिला? ते सुटे करणाऱ्या, कापणाऱ्या, जोडणाऱ्या मजुरांना किमान वेतन आणि संरक्षक साधने मिळाली काय? शिल्पासाठी जेवढी रक्कम मंजूर झाली, तेवढी भंगार कामगारांच्या तपासणीसाठी या वर्षी खर्च झाली काय? आणि उद्घाटकाचे नाव कोरावयाच्या संगमरवरी पाटीवर ज्यांनी हे घडविले त्यांची नावे असतील काय?

या प्रश्नांबरोबरच तीन मागण्या जोडल्या पाहिजेत. दुरुस्तीचा हक्क कायद्याने मिळावा आणि सुटे भाग ठरावीक वर्षांपर्यंत पुरविणे कंपन्यांना बंधनकारक व्हावे. म्हणजे गल्लीतल्या दुरुस्ती करणाऱ्याचा धंदाही जगेल. कामगार खात्याने भंगार कामगारांच्या नोंदणीचे काम प्रत्येक महापालिका क्षेत्रात सुरू करून त्याची आकडेवारी दरवर्षी प्रसिद्ध करावी. आणि उत्पादकांची जबाबदारी प्रमाणपत्रे विकत घेण्यापाशी न संपता, कामगारांच्या सहकारी केंद्रांचा खर्च उचलण्यापर्यंत जावी.

भंगारातून शिल्प घडविणारा कलावंत एक गोष्ट सिद्ध करून दाखवितो की, समाजाने निरुपयोगी ठरविलेल्या वस्तूतही मोल आणि रूप असते. ही गोष्ट वस्तूंच्या बाबतीत पटलेल्या समाजाला माणसांच्या बाबतीतही पटविणे, हे समाजवादी चळवळीचे काम आहे. ते काम ज्या वस्त्यांत करावयाचे आहे, त्या वस्त्या प्रत्येक शहरात आहेत आणि त्यांचे पत्ते भंगारवाल्याला विचारले तर तो सांगेल. कार्यकर्त्यांनी तेथे जावे, यादी करावी, आणि नोंदणीचा पहिला अर्ज घेऊन कामगार खात्याच्या दारात उभे राहावे.